फेटिया-कांचळीची निगा

बंजारा स्त्रीचा पारंपरिक वेश म्हणजे एक कपडा नव्हे, अनेक वस्तूंचा संच असतो. कमरेला घेरदार फेटिया, वर पाठीवर कशांनी बांधायची कांचळी, डोक्यावरून खांद्यावर येणारी टुकरी किंवा छांटिया आणि त्या ओढणीचा कपाळाजवळ येणारा, भरतकामाने जड झालेला घुंगटो. यांतल्या प्रत्येक तुकड्यावर सुती कापड, रंगीत दोरा, काचेचे आरसे, कवड्या, नाणी, घुंगरू आणि लोकरीचे गोंडे दाटीवाटीने बसवलेले असतात. सुती कापडाला पाणी चालते, आरशाच्या मागच्या मुलाम्याला चालत नाही. चांदीला उजळणारी चिंच कवडीला खाऊन टाकते. म्हणून हा वेश कसा धुवावा याचे एकच उत्तर नाही. कोणत्या भागाला काय लावायचे आणि काय मुळीच लावायचे नाही, हे ठरवण्यातच निम्मे काम असते.

वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान. रामनवमीच्या यात्रेला तिथे महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, कर्नाटक आणि इतर राज्यांतून बंजारा भाविक येतात. त्याच गावी नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत उभारलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. संग्रहालयातला वेश काचेमागे, मंद प्रकाशात, कोणाच्याही अंगावर न चढता राहतो. जगभरच्या संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. तांड्यावरच्या घरातला वेश मात्र वर्षातून चारपाच वेळा बाहेर निघतो, त्यात नाच होतो, घाम येतो, वर गुलाल पडतो आणि तो पुन्हा पेटीत जातो. संग्रहालयाचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण त्यांमागची कारणे होतात.

पहिली पायरी ओळखीची. आजीच्या हातचा जुना फेटिया जाड सुती कापडाचा आणि हाताने भरलेला असतो. गेल्या काही दशकांतला टेरिकॉटचा किंवा पॉलिएस्टरचा असू शकतो. बाजारातून आणलेल्या नव्या संचात यंत्रावरचे भरतकाम आणि डिंकाने चिकटवलेले प्लॅस्टिकचे आरसे असतात. गोंडे खऱ्या लोकरीचे आहेत की अॅक्रिलिकचे, हे एखादा सुटा धागा जाळून कळते. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अॅक्रिलिक वितळते आणि टोकाला कडक मणी बनतो. रंग सुटतो का, हेही आधीच पाहावे. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कापसाचा ओला बोळा लावून वर पांढरे फडके मिनिटभर दाबून धरावे. फडक्यावर डाग उमटला तर त्या रंगाला पाणी दाखवायचे नाही. ही चाचणी प्रत्येक रंगाच्या दोऱ्यावर वेगळी करावी लागते. या वेशात ठळकपणे दिसणारे लाल आणि काळे सर्वांत जास्त दगा देतात. लाल दोऱ्याने शेजारच्या पांढऱ्यावर सोडलेला रंग सहसा कायमचाच.

बहुतेक वेळा ओले धुणे लागतच नाही. या कपड्यांचा खरा शत्रू धूळ आहे. तिचे बारीक कण धाग्यांत शिरतात आणि प्रत्येक हालचालीला कानशीसारखे धागे घासत राहतात. शिवाय ती हवेतला ओलावा धरून ठेवते. वेश उतरवल्यावर तो झटकण्याचा मोह आवरावा, कारण झटक्याने आरसे सुटतात आणि नाण्यांच्या कड्या कापड फाडतात. स्वच्छ चादरीवर कपडा पसरून रंगकामाच्या मऊ, रुंद ब्रशने धूळ एका दिशेने सारावी. घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधून, ओढ सर्वांत कमी ठेवून, कापडापासून किंचित वर फिरवावा. जाळीत अडकलेला मणी किंवा टिकली परत शिवता येते. नळीतून आत गेलेली मात्र सापडत नाही.

डागांचा हिशेब सणांच्या क्रमाने लावला तर सोपा जातो, कारण प्रत्येक सण आपला वेगळा डाग ठेवून जातो.

होळी बंजारा समाजाचा मोठा सण. लेंगी या होळीगीतांच्या तालावर नाचताना पडलेला रंग कोरडा असेपर्यंत निरुपद्रवी असतो. ओल्या हाताने पुसल्याबरोबर तो विरघळून धाग्यात मुरतो. म्हणून गुलाल, कुंकू, बाजारी रंग ही सगळी पूड आधी पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि ब्रशने काढावी. उरलेली फिकट छटा तशीच सोडणे बहुधा शहाणपणाचे ठरते. हळदीचे वेगळे आहे. साबणातल्या क्षारामुळे ती लालसर होते आणि डाग वाढला असे वाटते, पण तो रंग उन्हात उडतो. साध्या पांढऱ्या सुती कपड्याला हा उपाय चालतो. भरतकामाच्या फेटियाला चालत नाही, कारण हळदीबरोबर दोऱ्यांचे रंगही उडतात.

रामनवमीची यात्रा चैत्रात येते. वऱ्हाडात तेव्हा ऊन चाळिशीला टेकलेले असते. यात्रेहून आलेल्या कपड्यात घाम आणि धूळ दोन्ही असतात, त्यात भोगाच्या तुपाचे थेंब. घामाचे पाणी उडून जाते, पण मागे मीठ, युरिया आणि लॅक्टिक आम्ल राहते. कांचळीच्या काखेत आणि छातीच्या भागात याचे पिवळे कडे उमटते, तिथला धागा लवकर कुजतो आणि जवळच्या नाण्यांवर हिरवा थर चढतो. तुपाच्या डागावर टाल्कम पावडर किंवा खडूची बारीक पूड दाबून रात्रभर ठेवावी आणि सकाळी ब्रशने काढावी. गरज वाटल्यास पुन्हा करावे. पीठ वापरू नये. ते सांदीत उरते आणि त्याला किडे लागतात.

श्रावणातली तीज मुलींची. टोपल्यांत गहू पेरून वाढवायचा, नाचायचे, आणि शेवटी ती रोपे पाण्यात सोडायची. साहजिकच घेराच्या काठाला चिखल लागतो. इथली काळी माती ओली असताना पुसली तर पसरत जाते. पूर्ण वाळली की मात्र तिची ढेकळे आपोआप सुटतात आणि उरलेली पूड ब्रशने निघते. दिवाळीत तांड्यावर मेरा नावाची प्रथा असते, मुली हातात दिवे घेऊन घरोघरी जातात. तेव्हाचा डाग तेलाचा किंवा मेणाचा असतो. तेलाला वरचीच पावडर. मेणावर पिशवीतला बर्फ ठेवून ते कडक करावे आणि बोथट चमच्याने उचलावे. टीपकागद ठेवून वर इस्त्री फिरवण्याची प्रसिद्ध युक्ती आरशांच्या कपड्यावर करू नये.

ओले धुणे अटळच झाले, रंगाची चाचणी पार पडली आणि आरसे कमी असले, तरच पुढचा विचार करावा. त्यातही संपूर्ण फेटिया भिजवण्याऐवजी फक्त मळलेला भाग धुणे बरे. जड फेटिया पाणी प्यायला की स्वतःच्याच वजनाने ताणला जातो, आणि उचलताना नेमका जुन्या टाक्यांवर फाटतो. वाशीम परिसरात घरोघरी वापरले जाणारे विहिरी-बोअरचे पाणी बेसाल्टच्या खडकातले, म्हणून बऱ्याच ठिकाणी जड असते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची साबणाशी गाठ पडून पांढरा चिकट साका बनतो आणि तो धाग्यांत राहतो. म्हणून साबणाची वडी टाळावी आणि लोकरीसाठी मिळणारे सौम्य द्रव डिटर्जंट अगदी थोडे घ्यावे. शेवटचे पाणी तरी आरओचे, पावसाचे किंवा गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड असावे. रिठ्याचा फेस रेशीम-लोकरीला मानवतो, पण रिठा पांढऱ्या कापडावर तपकिरी झाक सोडू शकतो. शिकेकाई आम्लधर्मी असल्यामुळे कवड्यांच्या जवळही नेऊ नये.

धुताना घमेल्यात बुचकळायचे नाही. मळलेल्या भागाखाली जुन्या पंचाची जाड घडी ठेवावी. स्पंज द्रावणात बुडवून घट्ट पिळावा आणि वरून टिपत जावे, म्हणजे मळ खालच्या घडीत उतरतो. घडीची जागा सतत बदलावी. मग साध्या पाण्याने तसेच टिपावे, फेस संपेपर्यंत. चोळणे, पिळणे आणि ब्रशने घासणे या तिन्ही गोष्टी इथे वर्ज्य.

आरशांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यांचे होते. जुन्या भरतकामातले आरसे पातळ, किंचित बाकदार असत. काचेचा मोठा फुगा फुंकून आतून धातूचा मुलामा द्यायचा आणि मग तो फोडून तुकडे करायचे, अशी त्यांची पद्धत. गुजरातमधील कपडवंज हे या कामाचे नावाजलेले केंद्र. मागचा मुलामा ओलाव्याने काळा पडतो आणि हा काळेपणा कडेकडून आत सरकतो. आरशाला धरून ठेवणारी टाक्यांची चौकट पाणी शोषते आणि कितीतरी तास ओली राहते. वरून आरसा पुसला आणि लखलखला, तरी मागे काम सुरूच असते. म्हणून आरसा कोरड्या, मऊ सुती बोळ्याने पुसावा. चिकटपणा असेल तर बोळ्याला शिंतोडाभर पाणी, तेही काचेच्या मध्यापुरते. काच पुसण्याची अमोनियाची निळी द्रव्ये मुलामा आणि दोऱ्याचा रंग दोन्ही बिघडवतात.

कवडीचे शास्त्र आणखी वेगळे. कवडी म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, व्हिनेगर, ताक, कोणतेही आम्ल तिच्या चकाकत्या पृष्ठावर पडले की तिथे बारीक खड्डे पडतात आणि ती कायमची निस्तेज होते. आम्ल हवेतूनही येते. काही लाकडांतून आणि प्लायवुडमधून ॲसिटिक व फॉर्मिक आम्लांची वाफ सतत सुटत असते. बंद कपाटात ती साचते आणि ओलाव्याबरोबर शंख-शिंपल्यांवर पांढरी पिठासारखी बुरशी आल्यासारखे दिसते. ती बुरशी नव्हे, क्षार असतात. संग्राहक याला बाइनचा रोग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाइन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने त्याचे वर्णन केले होते. कारण जंतू आहेत असा त्याचा चुकीचा समज होता, तरी नाव त्याचेच राहिले. तात्पर्य, कवड्या जडवलेली टुकरी नव्या प्लायवुडच्या कपाटात ठेवण्यापेक्षा आजीची पत्र्याची पेटी बरी.

नाण्यांत तीन पिढ्या आढळतात. १९४० पूर्वीच्या रुपयांत सुमारे ९२ टक्के चांदी होती. त्यानंतर ती निम्म्यावर आली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या चवल्या-पावल्याही वेशांवर सर्रास दिसतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, भरतकामात मात्र ती अजून चालतात. निकेलची नाणी फारशी त्रास देत नाहीत. चांदी हवेतल्या गंधकयुगुलांमुळे काळी पडते, आणि लोकर व रबर यांच्या सहवासात अधिक लवकर. हा काळा थर कापडाला इजा करत नाही, त्यामुळे तो राहिला तरी बिघडत नाही. तांबे असलेल्या मिश्रधातूंवरचा हिरवा थर मात्र कापड कुजवतो. नाणे किंवा घुंगरू कापडावर शिवलेले असताना चिंच, राख, टूथपेस्ट किंवा पॉलिश लावणे सर्वांत वाईट, कारण धुऊन न निघालेला अंश टाक्यात राहतो. नाण्याभोवती प्लॅस्टिकच्या जाड कागदाला चीर पाडून सरकवावे, कापड झाकले गेले की कोरड्या फडक्याने नाणे पुसावे. हिरवे फार झाले असेल तर टाका उसवून नाणे वेगळे काढणेच योग्य. जुन्या वेशावर राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठणारे मणी असतील तर ते शिशाचे असण्याचा संभव आहे. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत.

वासावरचा उत्तम उपाय वाराच. वेश उतरवला की लगेच घडी घालू नये. सावलीत, पंख्याखाली, आतली बाजू वर करून निदान एक रात्र पसरावा. नाटकमंडळींच्या वेशभूषा विभागांत धुता न येणाऱ्या पोशाखांवर आतून व्होडका फवारण्याची पद्धत आहे. मद्यार्क वास आणणाऱ्या जिवाणूंना मारतो आणि उडून जातो. मेडिकलमधले सर्जिकल स्पिरिट तेच काम करते. फवारा फक्त आतल्या अस्तरावर, हलका, रंगाची चाचणी करून आणि दिव्या-अगरबत्तीपासून दूर मारावा. लाखेला मात्र मद्यार्क लागू देऊ नये, ती त्यात विरघळते. लाखेच्या बांगड्या आणि आतून लाख भरलेले पोकळ चांदीचे दागिने या कामाच्या आधी बाजूला काढावेत.

त्याहून चांगले म्हणजे घाम वेशापर्यंत पोचूच न देणे. कांचळीच्या आतून मऊ मलमलीचे अस्तर मोठ्या धावदोऱ्याने टाचले की प्रत्येक कार्यक्रमानंतर ते उसवून साध्या कपड्यांत धुता येते. काखेत वेगळी चौकोनी गादी टाचली तर बरेच काम तेवढ्यानेच होते. अत्तर, पावडर, तेल लावून झाल्यावर, सगळ्यांत शेवटी वेश चढवावा.

वाळवण बाजेवर करावी. बाजेवर पांढरी चादर अंथरून कपडा सपाट पसरला की हवा खालून आणि वरून खेळते. दोरीवर टांगलेला ओला फेटिया लांबतो आणि नेफ्याजवळ फाटतो. उन्हाचा मोह इथे फार असतो, वैशाखात तर कपडा तासाभरात वाळेल. पण त्या उन्हात दोऱ्यांचे रंग विटतात आणि लोकर ठिसूळ होते.

ठेवणीचा खरा कस पावसाळ्यात लागतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की सुती कापडावर बुरशी धरू लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये वाशीमची हवा सहज त्याच्या वर असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला वेश सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात आतला ओलावा आतच अडकतो. पेटीला आतून धुतलेल्या जुन्या धोतराचे दोन पदर लावावेत, म्हणजे पत्र्याचा गंज कापडाला लागत नाही. वर्तमानपत्र वापरू नये, त्याचा कागद आम्लधर्मी असतो आणि शाई उतरते. आरशांची बाजू आत येईल अशी घडी कधीच घालू नये, एकमेकांवर घासून काच फुटते. शक्य असेल तर कापडाच्या जाड गुंडाळीवर भरतकाम बाहेर ठेवून सैल गुंडाळावे. घडीच घालायची तर प्रत्येक मोडीत जुन्या कापडाची वळकटी ठेवावी आणि दर काही महिन्यांनी मोड बदलावी. पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर, बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत असावी. पाऊस सरून आश्विनाची कोरडी हवा आली की सगळे बाहेर काढून, दोनतीन दिवस सावलीत वारा देऊन, तपासून पुन्हा भरावे. बुरशीचा ठिपका दिसला तर ओले फडके लावू नये. कपडा अंगणात नेऊन, नाकातोंडाला फडके बांधून, पूर्ण वाळल्यावर ब्रशने झाडावे.

कसर लागते ती खऱ्या लोकरीच्या गोंड्यांना. पतंग दिसतो तो सोनेरी, नखाएवढाही नसतो आणि तो स्वतः काहीच खात नाही. त्याची अळी लोकरीतले केराटिन खाते, आणि घाम-तेलाने मळलेली लोकर तिला अधिक आवडते. अॅक्रिलिकच्या गोंड्यांना ती सहसा शिवत नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास महिनोन्महिने जात नाही, त्या प्लॅस्टिक मऊ करतात आणि त्यांची वाफ जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाचे रक्त बिघडवू शकते. बाळ असलेल्या घरात त्या नकोतच. कडुनिंबाचा वाळलेला पाला वऱ्हाडात धान्यात घालतात तसा कपड्यांतही ठेवतात. त्याने कीड काहीशी दूर राहते, आधीच लागलेली मरत नाही. पाला कापडी पुरचुंडीत बांधावा, सुटा टाकला तर डाग पडतो. कसर लागलीच तर गोंडा सोडवून पिशवीत घट्ट बांधावा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये, नाहीतर थंड लोकरीवर दव धरते.

सुटलेला आरसा, कवडी, मणी लगेच शिवता आला नाही तर चिठ्ठीसह छोट्या पुडीत घालून त्याच पेटीत ठेवावा. शिवताना सुती दोराच वापरावा. नायलॉनचा दोरा तुटत नाही, आणि म्हणूनच ताण आला की तो जुने कापड कापतो. विरलेल्या जागेखाली मऊ झालेल्या जुन्या सुती कापडाचे ठिगळ लावून त्याच्या आधाराने टाके घ्यावेत.

बाजारू संचाला इतकी मिजास नसते. पॉलिएस्टरचा, चिकट आरशांचा वेश थंड पाण्यात, हाताने, थोडक्या वेळात धुता येतो. गरम पाण्याने डिंक सुटतो आणि इस्त्रीने प्लॅस्टिक सुरकुतते, एवढे सांभाळले की पुरे. वेशभूषा भाड्याने देणाऱ्यांकडे याच्याच शेजारी कृत्रिम केसांचे वाघ-अस्वलांचे पोशाख टांगलेले असतात. स्नेहसंमेलनात एकाच दिवशी तो पोशाख चार मुलांच्या अंगावरून जातो, त्यामुळे त्याची निगा अधिक निकडीची. त्याचे केस अॅक्रिलिकचे किंवा पॉलिएस्टरचे असतात आणि उष्णतेने टोके वितळून कायमची खरखरीत होतात. गरम पाणी आणि हेअर ड्रायरची गरम हवा त्याला वर्ज्य. अंगाचा भाग उलटा करून थंड पाण्यात सौम्य डिटर्जंटने हाताने धुवावा, न पिळता दाबून पाणी काढावे आणि पंख्यासमोर वाळवावा. केस अर्धवट ओले असतानाच कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या तारेच्या ब्रशने टोकांकडून मुळाकडे विंचरले की गुंता होत नाही. फोमचे डोके पाण्यात बुडवू नये. फोम आतून दोनदोन दिवस ओला राहतो आणि आंबूस वास धरतो. त्याच्या आतून स्पिरिटचा हलका फवारा मारून, तोंड वर करून, पंख्याची हवा आत जाईल असे ठेवावे. मुलांना आत सुती टोपी घालायला दिली तर हेही काम निम्मे होते.

हाताने भरलेल्या, तीन-चार पिढ्या जुन्या फेटियाची गोष्ट वेगळी. त्याचे कापड बोटाने दाबल्यावर तडकत असेल, रंग कोरड्या फडक्यालाही लागत असेल, किंवा आरशांमागचा काळेपणा कापडात उतरला असेल, तर घरी ब्रशपलीकडे काही करू नये. अशा वस्त्रांवर काम करणारे तज्ज्ञ मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागात आणि लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेत आहेत. त्यांना विचारण्यापूर्वी वेशाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत, सुटलेल्या तुकड्यांच्या पुड्या सोबत ठेवाव्यात आणि पूर्वी त्यावर कोणता साबण किंवा औषध वापरले गेले हे आठवून लिहून ठेवावे.